ती ओळख तुम्ही लिहिली नव्हती

हनीफभाई,

तुम्ही गेल्याला आज अकरा दिवस झाले. ग्रुपवर अजूनही माणसं येतात, 'भावपूर्ण श्रद्धांजली' एवढे दोन शब्द टाकतात आणि जातात. काही जण तर नुसतं हात जोडल्याचं चित्र. तुम्ही असता तर यातलं निम्मं उडवलं असतं. "छान, अप्रतिम, भावस्पर्शी हे शबद आपल्या इथं बंद," हा तुमचा नियम. "वाचलं असन त काय वाचलं थे लिहा, नाई त गप बसा." आता ग्रुपची चावी माझ्याकडे आहे. हे सगळं काढू की ठेवू, मला कळत नाही. परवा एकाची श्रद्धांजली काढली, मग वाईट वाटलं म्हणून त्याला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, "कोणती श्रद्धांजली?" त्याच्या लक्षातही नव्हतं.

मी हे तुमच्या कौतुकासाठी लिहीत नाही. कौतुक मधे आलंच तर येऊ द्या. मला तुम्हाला एक गोष्ट विचारायची होती आणि ती विचारायला मी पाच महिने उशीर केला.

तुमचा पहिला फोन आला तेव्हा मी अकरावीचे पेपर तपासत होते. नंबर अनोळखी. "ज्योती मॅडम का? मी हनीफ, अकोल्यावरून. जुन्या शहरात माह्यं गाद्या-रजयांचं दुकान हाये." मी म्हटलं, आम्हाला गादी नको. तुम्ही हसलात. "गादी नाई इकून राहिलो मॅडम. तुमी ग्रुपवर टाकलेली गोष्ट मी दोन डाव वाचली. पयल्या डाव लय आवडली. दुसऱ्या डाव कमी आवडली. असं काहून झालं असन, थे विचारासाठी फोन केला."

अमरावतीत सोळा वर्षं मराठी शिकवत होते मी. माझ्या लिखाणाबद्दल असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आपण तासभर बोललो असू. गोष्टीचा शेवट मी वाचणाऱ्याला चकवायला लिहिला होता आणि चकवा एकदाच चालतो, हे त्या फोनवर आपल्या दोघांना मिळून कळलं. मी शेवट बदलला. पुढच्या शुक्रवारी तुम्ही ती गोष्ट लावलीत.

शुक्रवार हा तुमचा दिवस. जुम्याची नमाज झाली की दुपारी दुकान अर्धं बंद आणि फोन हातात. 'लिहून पाय' हे आपल्या ग्रुपचं नाव. पुण्याच्या एका बाईंनी एकदा विचारलं होतं, 'पाय' म्हणजे कुठला पाय? तुम्ही उत्तर दिलंत, "बाई, आमच्याकडं 'पाहा'चा 'ह' गहाळ झाला हाये. सापडला की लावू." दोन-तीनशे माणसांचा ग्रुप. त्यात कंडक्टर, अंगणवाडीच्या बाई, औषधाच्या दुकानातला माणूस, तलाठी कार्यालयातला कारकून. दर शुक्रवारी तुम्ही त्यातलं एक माणूस निवडायचे, त्याची पाच-सहा ओळींत ओळख करून द्यायचे, त्याचं लिखाण लावायचे आणि मग एकेकाला फोन. "वाचलं का? अरे बावा, त्यानं चार महिने घासलं थे, तू चार मिनिटं दे." त्या लेखाची छापील प्रत दुकानाच्या दारात टाचणीनं लावायचे. गादी भरून होईपर्यंत गिऱ्हाईक उभ्याउभ्या वाचायचं. कंडक्टरच्या कवितेवर एका गिऱ्हाइकाने पेन्सिलीने लिहिलं होतं, 'यातली तिसरी ओळ माझ्या भावाला लागू.' त्याचा फोटो तुम्ही सगळ्यांना पाठवलात. तो कंडक्टर त्या दिवशी रजेवर होता. नुसता तो कागद पाहायला मूर्तिजापूरहून अकोल्याला आला.

आपलं भांडण तेव्हापासूनचं. मी म्हणायचे, सगळ्यांना सारखं कौतुक वाटलं तर चांगलं-वाईट कळणार कसं? तुम्ही म्हणायचे, "मी चांगलं म्हनतच नाई मॅडम. मी फकस्त सांगतो, हे इथं हाये." मला ते पळवाटीसारखं वाटायचं. अजूनही थोडं वाटतं.

ती वर्षं कशी होती, हे तुम्हाला काय सांगायचं. मुंबईच्या टीव्हीवर आपल्या जिल्ह्यांची नावं एकाच कारणासाठी यायची. पाहुण्या गाड्या यायच्या, कुणाच्या तरी अंगणात उभ्या राहायच्या आणि निघून जायच्या. ग्रुपवरही तेच सुरू झालं होतं. ज्यांनी जन्मात वखर धरला नाही ते फासावर कविता करायला लागले. मग तुम्ही दुसरा नियम केलात, "मरनावर लिहायचं असन त त्या घरातल्या मानसानं लिहावं. बाकीच्यायनं त्या घरात चहा प्यायला जावं." दोन कवी चिडून ग्रुप सोडून गेले. मी तेव्हा तुमच्या बाजूने होते. हे मला नीट आठवतं, म्हणून तर पुढचं अधिक गोंधळात टाकतं.

कांचन त्याच सुमारास आली. मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यातली, बारावी झालेली, सासूच्या जुन्या फोनवरून लिहिणारी. पहिलाच लेख ग्रामसेवक आणि त्याच्या कुलुपावर. ग्रामपंचायतीचं कुलूप हरवतं आणि ग्रामसेवक दोन महिने झाडाखाली बसून सरकार चालवतो, असं काहीतरी. दुसरा सासूवर. सासू मोबाइलला 'डबा' म्हणते आणि डब्यातून बोलणाऱ्या बाईला, ती 'आप जिस व्यक्तिसे' म्हणणारी, रोज जेवलीस का विचारते. मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये एकटी हसत होते. तुम्ही फोन केलात आणि पहिल्यांदाच तुमचा तो प्रश्न विचारला नाहीत. म्हणालात, "दोन डाव वाचलं. दुसऱ्या डाव जास्त हसलो. हे पोरगी काही तरी हाये मॅडम."

मग रिद्धपूरचं आपलं संमेलन. तुमचाच हट्ट. मी अमरावतीत एखादं सभागृह बघू म्हणत होते. तुम्ही म्हणालात, "नाई, रिद्धपूरले. तिथं लोकायनं कित्येक शतकं आधी साध्या बोलीत लिहून ठेवलं. आपन त निदान पाय लावून येऊ." चाळीसेक माणसं आली. महानुभावांच्या मठाबाहेर सतरंजीवर बसून सगळ्यांनी आपापलं वाचलं. कांचनने वाचलं तेव्हा तुम्ही हसता हसता चष्मा काढून डोळे पुसत होता. भुवयांत कापसाचा एक धागा अडकला होता, ते दिवसभर कुणी सांगितलं नाही.

दुपारी कांचन आणि मी लिंबाच्या सावलीत डबा खात होतो. मी सहज विचारलं, घरचे काय म्हणतात लिहिण्याला? ती भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "घरी सासू अन् पोरगा. मालक मागच्या बोंडअळीच्या साली गेले. स्वतःच गेले." मग लगेच म्हणाली, "हे इथंच राहू द्या ताई. ग्रुपवर मी त्यायची बायको नाई. तिथं मी फकस्त कांचन हाये." मी तिच्या हातावर हात ठेवला. हो म्हटलं.

हनीफभाई, मी हो म्हटलं होतं.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. शुक्रवार कांचनचा ठरला होता. तुम्ही फोनवर म्हणालात, "डोयावर पट्टी हाये. या डाव ओळख तुमी लिहा, शबनम माह्या नावानं टाकीन." शबनम म्हणजे तुमची धाकटी लेक. मी लिहायला बसले. पाच ओळी झाल्या. नीटनेटक्या होत्या. वाचल्या आणि वाटलं, हे वाचून कोण थांबणार? नेहमीचे चाळीस. ही बाई एवढं चांगलं लिहिते आणि तिला नेहमीचे चाळीस वाचणार. मग मी पहिल्या ओळीच्या आधी एक ओळ घातली. 'कापसाच्या या पट्ट्यात ज्या घरांतून कर्ते पुरुष स्वतःच्या हाताने निघून गेले, त्यातल्या एका घरातून ही विधवा आपल्याला हसवते आहे.'

मी तेव्हा काय विचार करत होते? खूप आठवून पाहते. वाईट हेतू सापडत नाही. सापडला असता तर सोपं झालं असतं.

ती ओळ तुम्हाला कुणी वाचून दाखवली नाही. शबनमला वाटलं, मॅडमनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार. शुक्रवारी दुपारी ते गेलं आणि रविवारपर्यंत कुठल्या कुठे पोचलं. कधी नाव न ऐकलेल्या गावांतून माणसं पुढे पाठवत होती. कांचनचे जुने लेख लोक शोधून वाचत होते, हे खोटं नाही. साताऱ्याच्या एका बाईंनी कुलुपाच्या लेखावर दोन पानं लिहिली, इतकी चांगली की तुम्ही दारात लावली असती. मी आनंदात होते. तुम्हाला तीनदा फोन केला. शबनम म्हणाली, अब्बू झोपलेत.

मंगळवारी कांचनच्या अंगणात कॅमेरा गेला. तिला नवऱ्याच्या फोटोखाली बसवलं आणि सांगितलं, तो विनोदी लेख वाचा. ती वाचत नाही म्हटल्यावर त्या माणसाने तो स्वतः वाचला, सासूच्या समोर. 'डबा'वाला लेख. सासूला तोवर माहीतच नव्हतं की सून लिहिते, आणि तिच्यावर लिहिते. शाळेत पोराला गुरुजींनी उभं करून विचारलं, तुझ्या बापाबद्दल टीव्हीवर आलं का? बुधवारी कांचन ग्रुपमधून गेली. जाताना काही लिहिलं नाही.

गुरुवारी तुमचा फोन आला. पट्टी निघाली होती.

"मॅडम, हे तुमी लिहिलं?"

"हो. पण हनीफभाई, बघा किती लोकांनी..."

"तुमाले कोनं सांगतलं थ्याचं?"

"तिनंच. रिद्धपूरला."

मागे कापूस पिंजल्याचा आवाज येत होता. मग तुम्ही म्हणालात, "चाळीस लोक तिचा लेख वाचून राहिले होते. आता हजार लोक बाई वाचून राहिले. तुमी तिचा लेख नाई पोचवला मॅडम, तिचं पुसलेलं कुंकू पोचवलं."

मी भडकले. कॉलेजात पोरांवर भडकते तशी. म्हटलं, तुमच्या या शुक्रवारांनी आजवर कुणाचं काय झालं? दारात कागद लावून कुणी लेखक होत नसतं. तिला वाचक मिळाले, ते मी मिळवून दिले. तुम्हाला फक्त तुमचा नियम मोडल्याचं दुःख आहे.

"हो," तुम्ही म्हणालात, "तसंही असन."

आणि फोन ठेवलात. शेवटी भांडायचं सोडून माणूस 'तसंही असन' म्हणतो तेव्हा समोरच्याने काय करायचं असतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

त्यानंतरच्या पाच महिन्यांत आपल्यात एकूण नऊ निरोप झाले. मी मोजले, परवा. 'या शुक्रवारी कोण?' 'अंगणवाडीच्या बाई.' 'बरं.' एवढंच. मला वाटत होतं तुम्ही फोन कराल. तुम्हाला वाटत असेल मी करेन. की तुम्हाला तसं काहीच वाटत नव्हतं?

तुम्ही मंगळवारी गेलात, दुकानात, गादीला टाके घालताना. शबनमने ग्रुपवर एक ओळ लिहिली, 'अब्बू आता नाहीत.' मी वर्गात होते. फळ्यावर अर्धं वाक्य लिहिलं होतं, ते तसंच सोडून बाहेर आले.

चौथ्या दिवशी मी अकोल्याला आले. मोर्णेच्या पुलावर रिक्षा अडकली म्हणून उतरून चालत आले. तुमचं दुकान बंद होतं. दारावर शेवटच्या शुक्रवारचा कागद होता, औषधाच्या दुकानातल्या त्या माणसाची गोष्ट. एक म्हातारे गृहस्थ तो वाचत उभे होते. मला पाहून बाजूला झाले आणि म्हणाले, "वाचा वाचा, माझं झालं."

घरात आतल्या खोलीत भाभी बसल्या होत्या. मी जवळ जाऊन बसले. त्यांनी माझा हात धरला आणि शबनमला विचारलं, "ये वहीच अमरावतीवाली?" शबनम हो म्हणाली. वहीच म्हणजे कोण? भांडलेली की आधीची? विचारायचं धाडस झालं नाही. चहा देताना शबनम म्हणाली, "मॅडम, ग्रुप तुम्ही सांभाळा. अब्बू बोलले होते, मला काही झालं तर चावी ज्योतीताईकडे." मी विचारलं, कधी बोलले होते? "आत्ताच. ईदच्या नंतर."

ईद तर महिन्यापूर्वी झाली, हनीफभाई. भांडणाला तेव्हा चार महिने झाले होते. आणि तुम्ही मला आयुष्यात कधी ताई म्हटलं नव्हतं, मॅडमच म्हणत होता. मी नसताना ताई म्हणत होता का?

मी हा विचार करत असतानाच दारात कांचन आली. मागे सासू. काठी टेकत, डोक्यावर पदर, हातात तुरीची पिशवी. मला पाहून कांचन थबकली, मग समोर येऊन बसली. सासूबाई भाभींना म्हणाल्या, "लय भला मानूस होता तुमचा. आमच्या घरी आला होता ना. रजई घेऊन आला. मी म्हनलं, बावा, आमच्याच कापसाची रजई आमाले आनून देऊन राहिला का तू?" भाभींना चार दिवसांत पहिल्यांदा हसू आलं, असं शबनम नंतर म्हणाली.

तुम्ही त्यांच्या घरी गेला होता, हे मला माहीत नव्हतं.

सासूबाई सांगत होत्या. "उंबरठ्यावर बसला. आत ये म्हनलं त ये ना. म्हने, माय, थे तुमच्या पोराचं मी लिहिलं, माह्यी चूक झाली. मी आधी लय बोलली त्याले. सारं ऐकून घेतलं. मंग म्हने, आता तुमच्या सुनेनं काय लिहिलं थे ऐका. कॅमेऱ्यावाल्यानं वाचलं तसं नाई, मी वाचतो. अन् वाचला ना त्यानं डबा. मले काय मालूम थो एवढा हसवनारा हाये! मंग दर आठ दिवसानं फोन करे. कांचनीनं नवीन काही लिहिलं का, मले वाचून दाखवा म्हने."

म्हणजे कांचन लिहीत होती. पाच महिने. ग्रुपबाहेर, तुमच्यासाठी आणि सासूसाठी.

मी कांचनकडे पाहिलं. ती भाभींच्या पायाशी पसरलेल्या चादरीची घडी सारखी करत होती.

परतताना आम्ही एकाच गाडीत. त्या दोघी मूर्तिजापूरला उतरणार, मी पुढे बडनेऱ्याला. पाऊण तासाचा प्रवास. सासूबाई खिडकीशी बसल्या आणि बोरगाव यायच्या आत झोपल्या. कांचन आणि मी समोरासमोर. मी मनात वाक्यं जुळवत होते. तुम्ही माझा गुन्हा स्वतःच्या नावावर घेऊन तिच्या उंबरठ्यावर बसला होता. तो परत माझ्या नावावर घेतला तर तुम्ही खोटे पडता. नाही घेतला तर मी कोण होते? मला वाचवायला तुम्ही खोटं बोललात की ग्रुप टिकायला? की तुमच्या नावाने ते गेलं म्हणून तुम्हाला खरंच ते तुमचंच वाटत होतं? बाहेर शेतांत कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, वाळलेल्या. मूर्तिजापूर यायला दहा मिनिटं राहिली असतील.

"कांचन, ती ओळख हनीफभाईंनी लिहिली नव्हती."

"मले माहीत हाये," ती म्हणाली.

"कसं?"

"ताई, मालकाचं मी फकस्त तुमालेच सांगतलं होतं."

इतकं साधं होतं ते. मी कधी विचारच केला नव्हता, की तिला पहिल्या दिवसापासून माहीत असणार.

"मग हनीफभाईंना तू म्हणाली का नाहीस, की मला माहीत आहे?"

तिने झोपलेल्या सासूचा पदर सारखा केला. "एवढ्या दूर आले, डोयाचं आपरेशन झालेलं. उंबरठ्यावर बसून खोटं बोलून राहिले होते कोनासाठी तरी. त्यायले कसं खोटं पाडू? अन् ताई, मी तुमच्या फोनची वाट पाहून राहिली होती. लय दिवस. मंग सोडून देली."

गाडी मंदावली. सासूबाई दचकून जाग्या झाल्या, आपलं आलं का, आपलं आलं का करत. कांचनने पिशवी उचलली, त्यांचा हात धरला आणि दोघी उतरल्या. फलाटावरून सासूबाईंनी मला हात केला. कांचनने केला की नाही, गर्दीत दिसलं नाही. बडनेरा येईपर्यंत मी तशीच बसून होते आणि मला एकदाही रडू आलं नाही, ते का, तेही कळत नाही.

हनीफभाई, तुम्ही मला माफ केलं होतं का? चावी दिलीत म्हणजे केलं असावं. की हे काम माझ्या गळ्यात घालून तुम्हाला मला दर शुक्रवारी आठवण करून द्यायची होती? तुम्ही तसे नव्हता. पण तुम्ही खोटं बोलणारेही नव्हता, असं मला वाटत होतं. आणि आपलं भांडण, ते तर कुठेच गेलेलं नाही. तुमच्या चाळिसांपेक्षा माझे हजार कमी खरे होते का? साताऱ्याच्या त्या बाईंचं दोन पानी पत्र मी अजून ठेवलं आहे. ते कांचनला द्यावं की नाही? त्यातलं एक अक्षरही तिच्या नवऱ्याबद्दल नाही, सगळं कुलपाबद्दल आहे. पण माझ्या त्या ओळीशिवाय ते पत्र आलंच नसतं. यावर तुम्ही काय म्हणाला असता, ते मला खरंच ऐकायचं होतं. 'तसंही असन' एवढ्यावर मी तुम्हाला या वेळी सोडलं नसतं.

तुमचे आभार मानायचे राहून गेले तेही सांगते. त्या पहिल्या फोनचे. सोळा वर्षं मी दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका काढत होते. माझ्या वाक्यात काय चुकलं, हे विचारायला अकोल्याहून फोन करणारा माणूस असतो, हे मला तुमच्यामुळे कळलं. आणि तेच मी कांचनसाठी केलं नाही. पाच महिने फोन माझ्या हातातच होता.

काल सकाळी मी तिला फोन केला. वाक्यं जुळवली नाहीत. म्हटलं, "कांचन, माझी चूक झाली."

"हो," ती म्हणाली. "झाली."

मला वाटलं, फोन ठेवेल. तेवढ्यात तिच्याकडे आरडाओरडा झाला. "थांबा, बकरी वांग्यात शिरली," ती म्हणाली आणि फोन तसाच ठेवून धावली. मी ऐकत उभी होते. सासूबाई ओरडत होत्या, इकडून हान, इकडून. एक बादली पडली. कुणीतरी हसलं. किती वेळ गेला कोण जाणे. माझा पहिला तास चुकला.

"हायेत का?" ती धापा टाकत परत आली.

"आहे."

"मंग ऐका. परवा लिहिलं. पाच पानं हायेत, मधात बोलू नका."

तिने वाचायला सुरुवात केली. तुमच्यावर होता तो लेख, हनीफभाई. मी दोनदा हसले. तिसऱ्यांदा हसू आलं ते तोंडावर हात ठेवून दाबलं, मग वाटलं, का दाबलं? वाचून झाल्यावर ती म्हणाली, "बस, एवढंच हाये." तो कुठे लावायचा, लावायचा की नाही, ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही.